कोहळं, सांबार आणि प्रमाण मराठी



स्मृतिव्याख्यानासाठी थोर विषय निवडण्याची प्रथा आहे. मी आज स्वयंपाकघरातला विषय घेतला आहे, आणि तो लहान आहे असे मला वाटत नाही. वऱ्हाडातल्या आपल्या घाटंजीच्या आठवडी बाजारात सांबार मागितला की हिरवी जुडी थैलीत पडते. पुण्याच्या मंडईत त्याच जुडीला कोथिंबीर म्हणतात, आणि सांबार म्हटले की तिथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे इडलीसोबतची वाटी येते. वस्तू तीच, दोन्ही बाजारांत बोलली जाणारी भाषा मराठीच, तरी एका शब्दाला आपण ‘शुद्ध’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘गावठी’. हा निवाडा कोणी केला, कशाच्या आधारावर केला आणि तो आपण किती काळ मानायचा, हे तीन प्रश्न मला आज विचारायचे आहेत. माझे म्हणणे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे पुरावे तपासणे आपल्याला सोपे जाईल. घरगुती शब्द वेगळे झाले ते वस्तू वेगवेगळ्या वाटांनी आल्या म्हणून, राज्ये वेगळी होती म्हणून आणि बाजारपेठा वेगळ्या होत्या म्हणून. त्यात कोणाचे अज्ञान नाही. तेव्हा वऱ्हाडातल्या घरचा शब्द हा प्रमाण मराठीचाच दुसरा शब्द म्हणून शाळेत, पुस्तकात आणि कोशात मानाने नांदला पाहिजे.

सुरुवात दूरच्या उदाहरणाने करतो, कारण दुसऱ्याच्या घरातली गोष्ट मोकळ्या मनाने पाहता येते. इंग्रजी ही एकच भाषा, पण इंग्लंडमधले घर आणि अमेरिकेतले घर यांची शब्दसंपत्ती ठिकठिकाणी फुटलेली आहे. पाण्याच्या नळाला इंग्लंडमध्ये टॅप म्हणतात, अमेरिकेत फॉसेट. वांग्याला इंग्लंडमध्ये ऑबर्जीन, अमेरिकेत एगप्लँट. इंग्लंडमध्ये चिप्स म्हणजे बटाट्याचे तळलेले गरम लांबट तुकडे. अमेरिकेत चिप्स म्हणजे पुडीतले पातळ कुरकुरीत काप, ज्यांना इंग्लंडमध्ये क्रिस्प्स म्हणतात. इंग्लंडचा पहिला मजला तळमजल्याच्या वर असतो, अमेरिकेचा पहिला मजला जमिनीलाच लागून असतो. आणि आपल्या विषयाला नेमके लागू पडणारे उदाहरण म्हणजे कोथिंबीरच. तिला इंग्लंडमध्ये कोरिअँडर म्हणतात आणि अमेरिकेत सिलँट्रो. दोन्ही शब्दांचे मूळ एकाच लॅटिन शब्दात आहे. इंग्लंडला तो शेजारच्या फ्रेंचांकडून मिळाला, अमेरिकेला स्पॅनिश बोलणाऱ्या मेक्सिकन स्वयंपाकातून. शेजार बदलला, म्हणून शब्द बदलला.

हे सगळे काही सुखासुखी मान्य झाले नाही. 1781 साली जॉन विदरस्पून यांनी अमेरिकेतल्या वेगळ्या इंग्रजी वापरासाठी ‘अमेरिकॅनिझम’ हा शब्द घडवला, आणि पुढे कितीतरी वर्षे इंग्लंडमधली सुशिक्षित मंडळी तो दोष दाखवण्यासाठीच वापरत राहिली. 1828 साली नोआ वेब्स्टर यांनी अमेरिकन इंग्रजीचा मोठा कोश छापला. आपल्या लोकांच्या तोंडी असलेले, त्या मातीतल्या फळाप्राण्यांचे शब्द त्यांनी त्यात लाज न बाळगता घेतले. आज स्थिती अशी आहे की आपल्या तालुक्यातले मूल इंग्रजीत ‘कलर’ शब्द दोन तऱ्हांनी लिहिलेला पाहते. पुस्तकात एक, मोबाइलवर दुसरा. दोन्ही बरोबर, एक ब्रिटिश आणि एक अमेरिकन, हे ते सहज शिकते. परक्या भाषेला दोन घरे असू शकतात हे आपण मान्य केले. आपल्याच भाषेच्या बाबतीत मात्र दुसरे घर दिसले की आपल्या हातात लाल पेन येते.

आता आपल्या घरात येऊ. वऱ्हाडी आणि पुस्तकी मराठीतले घरगुती फरक तीन प्रकारचे आहेत, आणि त्यांची गल्लत केल्यामुळेच बरेचसे वाद होतात. पहिला प्रकार उच्चाराचा. विस्तवाचा इस्तो होतो, पोळ्याचा पोया होतो, पाण्याचे पानी होते. इथे शब्द एकच आहे, फक्त ध्वनी बदलला आहे. दुसरा प्रकार म्हणजे एकाच वस्तूला दोन शब्द. पुस्तकातले पातेले आपल्याकडे गंज आहे. तांब्याला गडवा, उलथन्याला सराटा, पाणी भरायच्या कळशीला गुंड, झोपाळ्याला बंगई, चवळीच्या शेंगांना बरबटी, टोमॅटोला भेदरं, शेंगदाण्याच्या तेलाला फल्लीतेल, अळूच्या पानांना धोप्याची पाने. तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा आहे: शब्द एकच, वस्तू दोन. सांबार हा त्यातला आणि कोहळं हाही त्यातलाच. पहिल्या प्रकारात लेखनाचे एक वळण ठरवावे लागते, हे मला मान्य आहे. छापील मजकुरात ‘विस्तव’ लिहावे, याला माझी हरकत नाही. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात शुद्ध-अशुद्ध हा प्रश्नच उद्भवत नाही. गंज हे पातेल्याचे बिघडलेले रूप नव्हे. तो स्वतंत्र, पूर्ण, अर्थवाही शब्द आहे.

कोहळ्याचे उदाहरण जरा जवळून पाहू. पुण्याकडे कोहळा म्हणजे पांढुरक्या सालीचे, ज्याचा पेठा करतात ते फळ. विदर्भात कोहळं म्हणजे तांबूस-पिवळ्या गराचे, ज्याची आपण भाजी करतो ते. पुस्तकात याचे नाव लाल भोपळा. वरवर पाहणारा म्हणेल की वऱ्हाडी माणसाने चुकीच्या फळाला कोहळा म्हटले. पण या फळाचा इतिहास पाहा. लाल भोपळा मुळात अमेरिका खंडातला आहे. युरोपीय लोक समुद्र ओलांडून तिकडे पोहोचेपर्यंत तो भारतात नव्हता. तो आला तेव्हा त्याला मराठीत नाव नव्हते. तेव्हा पुण्याकडच्या लोकांनी जुन्या, ओळखीच्या भोपळ्याचे नाव घेतले आणि त्याला ‘लाल’ असे विशेषण लावले. विदर्भातल्या लोकांनी जुन्या, ओळखीच्या कोहळ्याचे नाव घेतले. संस्कृतातल्या कूष्मांड या शब्दापासून आलेले हे नाव तितकेच प्राचीन आहे. दोघांनीही एकच युक्ती केली: नव्या पाहुण्याला घरातल्या जुन्या माणसाचे नाव दिले. यात एक बरोबर आणि दुसरा चूक कसा? इंग्रजीत अगदी हेच घडले आहे. ‘कॉर्न’ हा इंग्लंडमधला धान्याचा जुना शब्द. तिथून अमेरिकेत गेलेल्या लोकांना मका भेटला आणि त्यांनी त्यालाच कॉर्न म्हटले. आज अमेरिकेत कॉर्न म्हणजे मका. कोणताही कोशकार त्याला चूक म्हणत नाही. तो दोन अर्थ देतो आणि कुठे कोणता चालतो ते सांगतो.

सांबाराचेही तसेच आहे. कन्नडमध्ये मसाल्याच्या जिनसांना आजही सांबार पदार्थ म्हणतात. म्हणजे हा शब्द केवळ इडलीसोबतच्या पातळ पदार्थापुरता कधीच नव्हता. जेवणाला चव आणणाऱ्या जिनसांशी त्याचे नाते आहे. दक्षिणेत तो एका पदार्थावर स्थिरावला, वऱ्हाडात भाजीवर पेरायच्या हिरव्या जुडीवर. पिठल्याला आपल्याकडे चून म्हणतात. तो तर संस्कृत चूर्णापासून आला आहे आणि पीठ हा त्याचा सरळ अर्थ आहे. ज्या शब्दांना आपण अडाणी समजतो, त्यांतले कितीतरी शब्द भाषेच्या जुन्या थरातले आहेत.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो विचारी माणसांकडून येतो. ते म्हणतात, चून आणि कोहळं ठीक आहे. पण आलू, अद्रक, चाबी, बालटी हे तर हिंदीचे अतिक्रमण आहे, त्यांना मराठी कसे म्हणायचे? मराठीच्या काळजीपोटी घेतलेला हा आक्षेप आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. आलूच्या जागी शुद्ध मराठी म्हणून ज्याची शिफारस होते तो बटाटा पोर्तुगीज आहे. कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा शब्द स्पॅनिश-पोर्तुगीजांनी उचलला, आणि 1510 साली गोवा आणि पुढे वसई घेणाऱ्या पोर्तुगीजांबरोबर तो आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागला. आलू हा त्याउलट संस्कृतातल्या आलु या कंदवाचक शब्दाशी जोडलेला आहे, आणि मराठीतला अळूही त्याच नात्यातला. समुद्राकडून आलेल्या कंदाला समुद्राकडचे नाव मिळाले. उत्तरेच्या मुलखातून आलेल्याला उत्तरेचे. चाबी हा हिंदी म्हणून नाकारायचा, तर तोही मूळ पोर्तुगीजच आहे. बालटी आणि बादली यांचे मूळही एकाच पोर्तुगीज शब्दात आहे. एक रूप हिंदी मुलखातून फिरून आपल्यापर्यंत आले आणि दुसरे सरळ किनाऱ्यावरून वर चढले. उधारीचा शब्द हा दोष मानला, तर मुंबई-पुण्याचे स्वयंपाकघरही रिकामे होईल. उधारी पोर्तुगिजांची असली तर शुद्ध आणि शेजारच्या हिंदीची असली तर अशुद्ध, असा नियम कुठल्याही व्याकरणात नाही.

मग हा निवाडा झाला कुठे? तो सत्तेच्या आणि छापखान्याच्या इतिहासात झाला. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली मुंबईत छापला गेला, त्याची सुधारित आवृत्ती 1857 ची. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण 1836 चे. शालेय पुस्तकांच्या मराठीला वळण लावणारे थॉमस कँडी पुण्याचे. ही माणसे मोठी होती आणि त्यांचे ऋण आपल्यावर आहे. पण त्यांचे काम उभे राहत होते तेव्हा वऱ्हाड त्यांच्या इलाख्यातच नव्हता, तो निजामाच्या अमलाखाली होता. 1853 साली तो इंग्रजांच्या कारभारात आला, तेव्हाही मुंबई इलाख्याला जोडला गेला नाही. 1903 पासून तो मध्य प्रांताबरोबर नागपुरातून चालवला गेला, आणि त्या प्रांतात मराठीच्या बरोबरीने हिंदी नांदत होती. आपला यवतमाळ जिल्हा 1905 पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. मुंबई-पुण्याबरोबर एका राज्यात आपण आलो ते 1 नोव्हेंबर 1956 रोजी, आणि महाराष्ट्र झाला 1 मे 1960 रोजी. पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, 1967 साली पुण्यात स्थापन झाली. हा क्रम ध्यानात घेतला म्हणजे दिसते की प्रमाण मराठीची घडी बसत होती तेव्हा वऱ्हाडचे घर त्या दालनाबाहेर होते. कोणी मुद्दाम दार लावले असे मी म्हणत नाही. दाराबाहेर राहिलेल्याला अडाणी म्हणणे मात्र गैर आहे.

त्यातही दुःख असे की मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ याच मुलखातला आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले ते अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्ज्यासाठी जी प्राचीन परंपरा पुढे ठेवली जाते, तिच्यात या ग्रंथाचे स्थान अढळ आहे. पुढच्या काळात उद्धव शेळके यांनी 1960 साली आलेल्या ‘धग’ कादंबरीत वऱ्हाडी घरातले संवाद जसेच्या तसे आणले, आणि ती मराठीतली एक श्रेष्ठ कादंबरी ठरली. दाते आणि कर्वे यांनी 1932 ते 1938 या वर्षांत काढलेल्या महाराष्ट्र शब्दकोशात तर वऱ्हाडी आणि नागपुरी शब्दांना त्यांच्या प्रांताची खूण लावून जागा दिली आहे. पुण्यात बसून काम करणाऱ्या कोशकारांनी जे ओळखले, ते आपल्या वर्गखोल्यांपर्यंत मात्र पोहोचले नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. मुलांना स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत, मुंबईत नोकरी करायची आहे. त्यांना एक प्रमाण भाषा नको का? हवी, नक्कीच हवी. व्याकरण एक असावे, शुद्धलेखन एक असावे, शासनाचा आदेश गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सारखा समजावा. पण प्रमाण भाषेचे व्याकरण एक असले म्हणून प्रत्येक वस्तूला शब्दही एकच हवा, असे ठरत नाही. पुण्याच्या प्रमाण मराठीतही कणकेच्या त्याच पदार्थाला काही घरांत पोळी म्हणतात आणि काही घरांत चपाती, आणि ज्या घरांत चपाती म्हणतात तिथे पोळी म्हणजे पुरणाची. तिथे प्रदेशही एकच आहे. फरक घराघरांचा, जातीपातींचा आहे. पुस्तकाने त्यातला एक शब्द उचलला तेव्हा खरे म्हणजे काही घरे निवडली गेली. दोन शब्द शिकणाऱ्या मुलाची मराठी वाढते. ‘कोथिंबीर, म्हणजेच आपला सांबार’ असे सांगणारा शिक्षक मुलाच्या हातात दुसरा शब्द ठेवतो. ‘सांबार नाही, कोथिंबीर म्हण’ असे सांगणारा शिक्षक त्याच्या हातातला शब्द काढून घेतो, आणि त्याबरोबर आपली आई चुकीचे बोलते ही समजूतही त्याच्या मनात रुजवतो. असे मूल पुढे वर्गात गप्प बसते, आणि परीक्षेत मागे पडते ते शब्द कमी म्हणून नव्हे, धीर खचला म्हणून.

तिसरा आक्षेप असा की इंग्लंड-अमेरिकेची तुलना इथे लागू पडत नाही. ती दोन राष्ट्रे आहेत, वऱ्हाड हा एका राज्याचा भाग आहे. हा आक्षेप निम्मा खरा आहे. अमेरिकेपाशी सत्ता होती, पैसा होता, स्वतःचे छापखाने होते. म्हणून सिलँट्रोला कोणापुढे हात जोडावे लागले नाहीत. वऱ्हाडापाशी यांतले काही नव्हते. पण यावरून निष्कर्ष उलटा निघतो. शब्दाची प्रतिष्ठा जर त्याच्या मागे उभ्या असलेल्या ताकदीवर ठरत असेल, तर तिचा आणि शब्दाच्या गुणाचा काही संबंध नाही, हे आपोआप सिद्ध होते. आणि एका राज्यात नांदणाऱ्या लोकांना एकमेकांचे शब्द मानण्यासाठी तोफा आणि बाजारपेठा लागू नयेत. आपुलकी पुरायला हवी.

चौथा आक्षेप निराशेचा आहे. गुंड गेले, प्लॅस्टिकच्या कॅन आल्या. पाटा-वरवंट्याच्या जागी मिक्सर आला. शब्द जाणारच, त्यांची काळजी कशाला? वस्तू गेली म्हणून शब्द गेला, तर त्याला इलाज नाही; त्याची नोंद करून ठेवावी एवढेच आपले काम. पण सांबार कुठे गेला आहे? आलू, भेदरं, बरबटी, कोहळं आजही रोज चुलीवर, गॅसवर शिजतात. त्यांची नावे तरुणांच्या तोंडून जात असतील तर ती लाजेने जात आहेत. वस्तूच्या मरणाने शब्द जाणे हा काळाचा नियम आहे. माणसाच्या लाजेने शब्द जाणे हा अन्याय आहे, आणि अन्यायावर उपाय असतो.

याच ठिकाणी घाटंजीकरांपुढे एक अवघड गोष्ट ठेवणे माझे कर्तव्य आहे. जी कसोटी आपण पुण्याला लावतो, ती आपल्यालाही लागते. या तालुक्यात, वाघाडीच्या खोऱ्यात आणि पैनगंगेकडच्या मुलखात, घराघरांत फक्त वऱ्हाडी बोलली जात नाही. कोलामांच्या पोडावर कोलामी आहे, गोंडांच्या घरी गोंडी, बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटी. पाण्याला गोंडीत येर म्हणतात आणि कोलामीत ईर. तांड्यावरची बाटी ही आपली भाकर. कोलामी ही द्राविड कुळातली स्वतंत्र भाषा आहे. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर लिहिलेला ग्रंथ 1955 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केला. सातासमुद्रापलीकडच्या विद्यापीठाला जी भाषा अभ्यासावीशी वाटली, ती आपल्या बाजारात ऐकून आपण हसत असू, तर पुण्याकडून मान मागण्याचा आपला अधिकार तिथेच संपतो. वऱ्हाडीसाठी मागितलेला न्याय पोडावरच्या आणि तांड्यावरच्या मुलापर्यंत पोहोचला नाही, तर ती मागणी न्यायाची राहत नाही. ती एका बोलीची दुसऱ्या बोलीवरची चढाओढ होते.

म्हणून शेवटी काही ठोस मागण्या करतो. पाठ्यपुस्तकाच्या विदर्भातल्या वाचकासाठी पाठाखालच्या शब्दार्थांत गंज, गडवा, सांबार, कोहळं हे शब्द पुस्तकी शब्दाच्या शेजारी, त्याच टाइपात छापले जावेत. उत्तरपत्रिकेत वस्तूचे वऱ्हाडी नाव लिहिले म्हणून गुण कापू नयेत, अशी स्पष्ट सूचना शिक्षकांना असावी. कृषी खाते, आरोग्य केंद्र आणि अंगणवाडी यांच्या पत्रकांत इथले शब्द यावेत. आहाराचा सल्ला ज्या आईसाठी आहे तिला त्याचा अर्थ विचारत बसावे लागू नये. आणि सर्वांत आधी, कोणाची वाट न पाहता, या गावातल्या वाचनालयाने आणि शाळांनी मिळून तालुक्याचा घरगुती शब्दसंग्रह करावा: वस्तूचे चित्र, वऱ्हाडी नाव, कोलामी, गोंडी आणि गोरमाटी नाव, पुस्तकी मराठी नाव आणि प्रत्येकी एक वापरातले वाक्य. माहिती देणार घरातल्या वयस्क बाया, लिहून घेणार त्यांची नातवंडे. या कामाला मोठा निधी लागत नाही. वह्या लागतात, दोन-तीन उन्हाळ्याच्या सुट्या लागतात आणि घरच्या शब्दांबद्दल आदर लागतो. या संग्रहाचा पहिला भाग पुढच्या वर्षी याच व्याख्यानमालेच्या टेबलावर असावा, ही विनंती करून मी थांबतो.